रजेतला हंगाम

आश्विन लागला की गोंदियाच्या हवेत दोन वास मिसळतात. एक राईस मिलमधून येणारा, उसन्या म्हणजे उकड्या तांदळाच्या वाफेचा, जड आणि थोडा आंबूस. तो बारा महिने असतोच, आपण तो विसरूनही जातो. दुसरा फक्त याच दिवसांतला. शहराला लागलेल्या कुडव्याची घरं, किराणा दुकानं, पंक्चरवाले मागे पडले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या, म्हणजे बांधांनी आखलेली शेतं, सुरू होतात आणि हलकं, लवकर येणारं धान पिवळं पडू लागलेलं असतं. सकाळी स्कूटीवरून कॉलेजला जाताना त्या ओल्या, गोडसर वासातून जावंच लागतं. लोकांना तो आवडतो. माझ्या पुढच्या मोटरसायकलवरचा माणूस गाडी हळू करून बघतो, या वर्षी लोंब्या कशा भरल्यात ते. मी मात्र तेवढा तुकडा वेगानं ओलांडते.

मी वनस्पतिशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. जूनमध्ये नेमणूक होते, उन्हाळ्यात संपते, पुन्हा जूनमध्ये कळतं की यंदा आहे की नाही. मुलं मला डॉक्टर मॅडम म्हणतात, कारण नावामागे पीएच.डी. आहे. ज्या विषयावर ती आहे, तो माझा विषय नव्हता.

माझा विषय देवधान होता.

देवधान म्हणजे कुणी न पेरलेलं धान. आमच्याकडच्या जुन्या तलावांच्या उथळ कडेला ते आपलं आपण उगवतं. ऋषिपंचमीला बैलाच्या मेहनतीचं खायचं नसतं, म्हणून बाया वर्षभर जपून ठेवलेलं मूठभर देवधान त्या दिवशी शिजवतात. लांब कुसळं, तांबूस दाणा, चव थोडी चिखलासारखी. त्याची एकच खोड. दाणा पिकला की लोंबीवर थांबत नाही. वारा आला, बगळा उडाला, मासे धरणाऱ्याच्या डोंग्याचा धक्का लागला, की टपटप पाण्यात. सगळं रानटी धान असंच गळतं. आपण खातो ते धान गळत नाही, म्हणून तर ते कापून घरी आणता येतं. गळणाऱ्याचं न गळणारं कसं झालं, हा फार जुना प्रश्न आहे आणि जगभर लोक त्याच्या मागे आहेत.

आमचं गाव अर्जुनीकडचं. आम्ही कोहळी. तलाव बांधणारे लोक म्हणून आमच्या जातीची ओळख, आणि आमच्या घराच्या मागच्या दारातून तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, दिसते. एम.एस्सी.च्या सुट्टीत मी गावी आले होते, तेव्हा सहज म्हणून पाण्यात उतरले आणि लक्षात आलं, की एका कोपऱ्यातलं देवधान पिकूनही लोंबीवर आहे. हात लावला तरी आहे. हलवलं तरी बरेचसे दाणे तसेच. तलावाच्या बाकीच्या भागातलं मात्र केव्हाच गळून गेलेलं. दुसऱ्या आठवड्यात नागपूरला जाऊन मी विद्यापीठातल्या माझ्या सरांना हे सांगितलं, तेव्हा ते खुर्चीतून उठून उभे राहिले.

"खात्री आहे?"

"हो सर."

"मग हाच तुझा विषय. दुसरं काही शोधू नकोस."

ते वाक्य ऐकून मी विभागाच्या जिन्यावर बराच वेळ बसून राहिले होते. आनंदानं माणसाला असं बसावंसं वाटतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

काम सरळ होतं. पहिल्या हंगामात नुसतं निरखायचं. दुसऱ्या हंगामात कोपऱ्यातल्या आणि बाहेरच्या लोंब्यांचे दाणे वेगवेगळे गोळा करायचे. तिसऱ्या हंगामात ते पेरून पाहायचं, की न गळण्याचा गुण पुढच्या पिढीत उतरतो की नाही. फेलोशिप मिळाली होती. पहिला हंगाम निरखण्यात गेला. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यातच माझं लग्न झालेलं होतं. प्रशांत गोंदियात राईस मिलमध्ये सुपरवायझर. शांत माणूस. माझ्या अभ्यासाला त्याची कधी ना नव्हती. पुढच्या श्रावणात रेवा झाली.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. मला तर ती देवानं केलेली सोय वाटली. घराच्या मागे तलाव, तलावात माझा विषय, आणि मी तिथंच मुक्कामाला. सरांना फोन केला.

"सर, मी इथंच आहे. हंगाम चुकणार नाही."

"अगं, वेडी आहेस का? रजा घे. नियमानं मिळते ती घे. लेकरू महत्त्वाचं."

"पण हंगाम जाईल ना सर."

"हंगाम दर वर्षी येतो, वनिता."

ते प्रेमानं बोलत होते. मी रजेचा अर्ज केला आणि पाण्यात उतरले.

तो आश्विन मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतो. पहाटेचं धुकं तलावावर लोळत असायचं, जांभळ्या कमळांच्या पानांवर पाणकोंबड्या धावायच्या. कमरेइतक्या पाण्यात मी उभी. एकेका लोंबीवर मलमलीची छोटी पिशवी चढवायची, खालून दोऱ्यानं बांधायची, म्हणजे दाणा गळला तरी पिशवीतच राहील. जिथं काम केलं तिथं बांबूची काडी रोवून तिच्यावर खूण करायची. पायांना जळवा लागायच्या. चिखल इतका मऊ की उचललेला पाय परत कुठं टेकेल सांगता यायचं नाही. पाळीवरच्या मोहाखाली माय रेवाला मांडीवर घेऊन बसलेली.

मायला यातलं काहीच पटत नव्हतं.

"काऊन व, ओली बाळंतीण तू. पान्यात कायले उतरून राहिली? अंगात वारा शिरल ना."

"दाणे गळून जातील माय."

"त गळू दे. गवतच आहे ते. आजवर गळूनच राहिलं, कोनाचं काय बिघडलं?"

एक दिवस पिशव्या संपल्या. नागपूरहून आणवायच्या तर चार-दोन दिवस मोडणार, आणि कोपऱ्यातल्या लोंब्या लाल व्हायला लागलेल्या. मी घरात गेले, रेवाच्या बाळुत्यांची चळत काढली आणि कात्री घेऊन बसले. ती बाळुती मायनं स्वतःच्या जुन्या लुगड्यांची केली होती, धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ झालेली. माय दारात उभी राहून बघत होती. मला वाटलं, आता ओरडेल. ती आत आली, माझ्या हातातली कात्री घेतली आणि म्हणाली, "सरक. तुले सरळ कापता नाई येत." दुपारभर ती कापत होती आणि मी शिवत होते. रेवा दोघींच्या मधे उघडीच पडून पाय झाडत होती. त्या हंगामातली ही एक दुपार मी कुणालाही द्यायला तयार नाही.

बाकीचे दिवस सांगायला सोपे नाहीत. पाण्यात असताना पाळीवरून रेवाचं रडणं यायचं. ते कानाला कळायच्या आधी अंगाला कळायचं, ब्लाउज ओला व्हायचा. हातात लोंबी, पिशवीचा दोरा अर्धा बांधलेला. तो तसाच सोडला तर दाणे जाणार. म्हणून तेवढा बांधायचा. मग शेजारची लोंबी दिसायची. पाळीवर पोचेपर्यंत रेवा रडून रडून झोपलेली असायची, आणि झोपलेलं लेकरू पीत नाही. दुधानं छाती दगडासारखी व्हायची. मी म्हणायचे, होईल ठीक.

ठीक झालं नाही. हुडहुडी भरून ताप आला. डाव्या बाजूला दुधाची गाठ पिकली होती. प्रशांत जीप करून आला आणि मला गोंदियाला घेऊन गेला. डॉक्टरांनी चीर दिली, औषधं सुरू केली आणि या दिवसांत अंगावर पाजायचं नाही म्हणून सांगितलं. रेवा गावी मायजवळ, बाटलीवर. मी दवाखान्याच्या खाटेवर, पंख्याकडे बघत. काही दिवसांत दुसऱ्या बाजूचं दूधही आटलं. आटतं म्हणजे काय होतं, हे कुठल्या पुस्तकात नीट लिहिलेलं नाही. दुखणं कमी होतं. चोळी कोरडी राहते. नर्स म्हणते, "अब आराम है ना दीदी?" आणि आपण हो म्हणतो.

खाटेवरूनच मी सरांना फोन केला. कोपऱ्यातलं देवधान आता कुठल्याही दिवशी पूर्ण पिकणार होतं. पिशव्या वेळेवर काढल्या नाहीत तर पाण्यात कुजणार होत्या.

"सर, कुणाला तरी दोन दिवस पाठवा. नुसत्या पिशव्या काढायच्यात."

"वनिता, तू दवाखान्यात आहेस. आणि दाण्यांचा विचार करतेस?"

"सर, फक्त दोन दिवस."

"आधी बरी हो. तुझ्या जागी माझी मुलगी असती तरी मी हेच सांगितलं असतं."

त्यांच्या आवाजात खरी काळजी होती. मला आजही त्यांचा राग येत नाही, आणि तेच अवघड आहे. मला कुणी हाकलून दिलं असतं तर मी भांडले असते. मला सगळ्यांनी जपलं.

मग एका संध्याकाळी प्रशांत दवाखान्यात आला, खांद्यावर चुंगडी घेऊन. पोतं म्हणा. ओलं, चिखलाचा वास मारणारं. त्याच्या मागे माय, रेवाला शेजारणीजवळ ठेवून आलेली, पदरानं तोंड पुसत. प्रशांतला पोहता येत नाही. पाण्याची त्याला भीती वाटते, नदीच्या पुलावरूनही तो मधून चालतो. त्यानं मिलमधून सुट्टी काढली होती, गावी गेला होता, आणि मायनं काठावरून सांगत सांगत त्याला त्या चिखलात उतरवलं होतं. पायांवर जळवांचे डाग तसेच होते.

"सगळ्या आणल्या," तो म्हणाला. "एकही सोडली नाही."

मी चुंगडीचं तोंड उघडलं. बाळुत्यांच्या, मलमलीच्या, शेकडो इवल्या पिशव्या एकमेकींत मिसळलेल्या. खुणा काड्यांवर होत्या, पिशव्यांवर नव्हत्या. आणि काड्या तिकडे पाण्यात राहिल्या होत्या. कोपऱ्यातली पिशवी कुठली आणि बाहेरची कुठली, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

"चांगलं केलं," मी म्हणाले.

त्याचा चेहरा उजळला. माय म्हणाली, "घाबरून होता बिचारा, तरी उतरला." मी पुन्हा म्हणाले, "खूप चांगलं केलं." हे तो इथं पहिल्यांदाच वाचेल. प्रशांत, त्या दिवशीइतकं माझ्यावर कुणी प्रेम केलेलं नाही. आणि त्या दिवशी माझा हंगाम बुडाला. दोन्ही खरं आहे.

तरी सगळं संपलं नव्हतं. दाणे होते ना. ते सगळेच्या सगळे पेरायचे, रोपं वाढू द्यायची, ज्यांचा दाणा थांबतो ती रोपं आपण होऊन सांगतील आपण कुठली ते. फक्त जागा हवी, पाणी हवं, आणखी एक हंगाम हवा. फेलोशिपची मुदत संपत आली होती, म्हणून मी स्वतंत्र प्रकल्पासाठी अर्ज केला. मुलाखतीचं बोलावणं आलं. नागपूरला.

रेवा तेव्हा रांगायला लागली होती. तिला आणि मायला घेऊन मी सकाळच्या गाडीनं गेले. इमारतीसमोर कडुलिंबाचं झाड होतं, त्याखाली माय सतरंजी टाकून बसली. आत लांब टेबल, पलीकडे पाच-सहा माणसं, त्यांत एक बाई. मी देवधानाची चित्रं तयार करून नेली होती. पहिलं चित्र लावलं आणि एका गृहस्थांनी हात वर केला.

"तुमच्या अर्जात मागच्या वर्षीच्या या महिन्यांत काम दिसत नाही."

"सर, मी प्रसूती रजेवर होते. पण मी काम केलं आहे. दाणे गोळा केलेत."

"रजेवर असताना?"

"हो."

"मग ते काम म्हणून कसं धरायचं? रजा म्हणजे रजा."

"ठीक आहे सर, धरू नका. पण दाणे आहेत."

"म्हणजे मग या काळात काम नाही, असंच म्हणावं लागेल ना?"

कुणीतरी हलकेच हसलं. वाईट हेतूनं नव्हे, जरा वातावरण सैल व्हावं म्हणून. मग त्या बाईंनी विचारलं, "बाळ कुठं ठेवून आलात?"

मी खरं सांगितलं. "बाहेर आहे. माझ्या आईजवळ, झाडाखाली."

सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं. तिथून झाड दिसत होतं. सतरंजी दिसत होती. माय रेवाला केळं भरवत होती.

"आणि पुढची तीन वर्षं? तलावात उतरायचं काम आहे हे. तेव्हाही असंच?"

"हो मॅडम. माझी आई तलावाकाठीच राहते."

"तुमच्या उत्साहाचं कौतुक आहे," त्या म्हणाल्या.

देवधानाबद्दल एकही प्रश्न आला नाही. दाणा का थांबतो, असं कुणी म्हणजे कुणीही विचारलं नाही. माझ्याकडे त्याची तीन उत्तरं तयार होती, तिन्ही कदाचित चुकीची. ती चुकीची आहेत असं कुणी म्हटलं असतं तरी मी त्या टेबलावरून धन्य होऊन उठले असते.

बाहेर आले. थोड्या वेळानं त्या बाईही आल्या, चहाची सुट्टी असावी. रेवाजवळ वाकल्या, तिचा गाल बोटानं हलकेच दाबला. "किती गोड आहे. आता हिच्यात लक्ष घाला. हे दिवस पुन्हा येत नाहीत."

परतीच्या गाडीत माय रेवाला थोपटत बसली होती. तुमसरच्या पुढे कधीतरी म्हणाली, "त्याईले सांगाचं ना, मी आहो म्हनून. मी सांभाळतो ना पोरीले."

"सांगितलं माय."

"मंग?"

"मंग?" हा साधा प्रश्न त्या टेबलापलीकडे कुणाला पडला नव्हता. जी बाई देवधानाला गवत म्हणायची, तिला एवढं कळत होतं, की आता सोय झाली आहे तर काम व्हायला हवं.

काम झालं नाही. पुढच्या वेळी अर्ज केला तेव्हा सांगितलं, कामात सातत्य नाही. त्याच्या पुढे वयाची अट आडवी आली. माझ्याबरोबर सरांकडे काम करणारा एक मित्र होता, प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या बाकावर बसायचा. त्याचा मुलगा आणि माझी रेवा एकाच पावसाळ्यातले. त्यालाही मुलाखतीला बोलावलं होतं, वेगळ्या विषयासाठी. नंतर मी त्याला विचारलं, तुला बाळाबद्दल काही विचारलं का? तो खरंच गोंधळला. "माझ्या? नाही. कशाला विचारतील?" त्याचा प्रकल्प मंजूर झाला. चांगला अभ्यासक आहे तो, त्याला मिळायलाच हवा होता. फक्त त्याच्या कामात त्या वर्षी रिकामी जागा नव्हती. त्याचं लेकरू दुसऱ्या कुणाच्या तरी रिकाम्या जागेत वाढत होतं.

माझ्या बायोडाटामधल्या त्या जागेला लोक 'गॅप' म्हणतात. ती गॅप आता सहावीत आहे. दोन वेण्या घालते, गणितात हुशार आहे, आणि भेंडीची भाजी केली की जेवत नाही.

मी सरांच्या सांगण्यावरून सोपा विषय घेऊन पीएच.डी. पुरी केली. तो तलावाबाहेर, दुपारच्या वेळेत, लेकरू शाळेत असताना करता येण्यासारखा होता. दाणे विभागाच्या फ्रिजमध्ये होते. अधूनमधून मी फोन करून विचारायचे, आहेत ना? आहेत, असं सांगायचे. मग विभाग नव्या इमारतीत गेला. सर तोवर निवृत्त झाले होते, त्यांचाच एक दिवस फोन आला.

"वनिता, तुझे ते दाणे शिफ्टिंगमध्ये गेले ग. कुणाचा चालू प्रकल्प नाही म्हणून काढून टाकले. मी तेव्हा तिथं नव्हतो." मग म्हणाले, "तू दवाखान्यात होतीस, तेव्हा मी कुणाला तरी पाठवायला हवं होतं."

मी म्हटलं, "असू द्या सर." दुसरं काय म्हणणार? म्हातारा माणूस रडत होता.

तरीही मला वाटायचं, तलाव आहे ना. देवधान तिथं आहेच, कुणी पेरलेलं नाही आणि कुणी काढलेलंही नाही. कधीतरी, रेवा मोठी झाल्यावर, कुणीतरी पैसे देईल, किंवा नाही दिले तरी मी एकटी उतरेन. मग एका उन्हाळ्यात गावच्या तलावात पोकलेन मशीन आली. गाळ काढला, तलाव खोल केला. गावाला ते हवंच होतं. उन्हाळ्यात पाणी टिकत नव्हतं, मासे कमी झाले होते. त्या वर्षी आश्विनात मी गेले. कोपरा नव्हता. जिथं कमरेइतकं पाणी होतं तिथं कडा सरळ खोल उतरलेली, आणि वर स्वच्छ, हिरवं, शांत पाणी. माय शेजारी येऊन उभी राहिली.

"तुयं ते गवत दिसून नाई राहिलं व," ती म्हणाली.

"हो."

"मी त्याईले सांगतलं होतं, तेवढा कोपरा सोडा म्हनून. कोनी आयकलं नाही."

तिनं सांगितलं होतं. मशीनवाल्यासमोर एक म्हातारी उभी राहून गवताचा कोपरा सोडा म्हणाली होती, आणि का सोडा हे तिला सांगता आलं नसणार, कारण ते मलाही अजून शोधायचं होतं.

कॉलेजात दर मार्चमध्ये महिला दिन होतो. एका वर्षी पाहुणे म्हणाले, आई हीच जगातली पहिली शास्त्रज्ञ. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. माझ्या मनात त्या वेळी एवढंच होतं, की तो दाणा का थांबत होता हे आता कुणालाच, कधीच कळणार नाही. माझं जे गेलं त्याचं दुःख मी करून घेईन, मला सवय आहे. पण ते देवधान माझ्या मालकीचं नव्हतं.

या आश्विनात प्रणाली घरी आली. माझी जुनी विद्यार्थिनी, जवळच्या नागऱ्याची, आता लग्न होऊन गोंदियातच असते. पहिल्या बाकावर बसून मला अडवणाऱ्या मुली फार नसतात, ही होती. तलाव खोल केल्यावर त्यातल्या पाणवनस्पतींचं काय होतं, यावर तिनं प्रकल्प लिहिला होता. मीच वाचून दिला होता. मुलाखत दोन दिवसांवर आली होती. चहा ठेवला, तर म्हणाली, चहा नको, मळमळतं. मी तिच्याकडे नीट पाहिलं.

"कितवा?"

"पाचवा." मग एकदम, "मॅडम, मी सांगू का तिथं? का नको सांगू?"

मी तिला तीन वर्षं शिकवलं आहे, की जे दिसतं ते लिहायचं. निकाल आवडला नाही तरी लिहायचं. वहीत खाडाखोड केली तर मी तिला उभं केलं आहे.

"नको सांगू," मी म्हटलं.

"पण मॅडम, दिसून राहिलंय ना थोडं."

मी कपाटातून माझी कलकत्ता कॉटन काढली. कडक, फुगून बसणारी. तिला आरशासमोर उभं केलं, निऱ्या जरा वर घेतल्या, पदर मोकळा सोडून पोटावरून आडवा आणला. ती बाजूला वळून पाहत होती. डावीकडून दिसतं का, बसल्यावर दिसतं का. मी खुर्ची आणून तिला बसवलं, फाईल मांडीवर कशी धरायची ते दाखवलं. आम्ही दोघी मधेच हसलोही. मग माझा हात तिच्या पोटाला लागला आणि आतून काहीतरी सरकलं. प्रणाली म्हणाली, "आजच हलायला लागलंय मॅडम." आणि पुन्हा फाईल सरळ धरून बसली.

रेवा दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

"आई, ताई लपवून राहिली का बाळ?"

"मुलाखत आहे तिची," मी म्हटलं.

"मी पोटात होती तेव्हा तू पण लपवलं होतं?"

"नाही. तू तेव्हा झालेली होतीस. मी तुला घेऊनच गेले होते."

"मंग? मिळाला होता प्रोजेक्ट?"

मी पिन तोंडात धरली होती, त्यामुळं लगेच बोलावं लागलं नाही. पण ती गणितात हुशार आहे, असं मी म्हटलंच. तिचा चेहरा हळूहळू बदलला. मी पिन काढली, तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "तुझ्यामुळं नाही. तुझ्यामुळं काहीच गेलं नाही. ऐकलंस?" तिनं मान हलवली. जेवताना मात्र भेंडी होती, तरी ती मुकाट्यानं जेवली. ते मला जास्त लागलं.

प्रणाली नागपूरला जाऊन आली. वनस्पतींबद्दल खूप विचारलं म्हणाली, अर्धा तास. सांगताना तिच्या आवाजाला पंख होते. मी ऐकत होते आणि मनातल्या मनात ते सगळे प्रश्न स्वतःला विचारून घेत होते.

परवा तिचा फोन आला. मी कॉलेजातून निघाले होते, बाजूच्या बांधीत कापणीची मशीन चालली होती, काही ऐकू येईना. स्कूटी बाजूला घेतली.

"मॅडम, झालं! झालं माझं! यादीत नाव आहे!"

मी रस्त्यावरच रडले. ती तिकडे हसत होती, सासू मागून काहीतरी विचारत होती, कुणीतरी देवासमोर घंटा वाजवली. मग तिनं आवाज खाली केला.

"मॅडम, महिन्याभरात रुजू व्हायचं आहे म्हनतेत. मंग आता कधी सांगू?"

मशीन बांधीच्या टोकाला जाऊन वळत होती.

"पहिले पेढा तर खा," मी म्हटलं.

ती हसली. आणि फोन तसाच कानाला धरून राहिली, मी पुढं काहीतरी सांगेन म्हणून.